बाबासाहेबांनी अर्थशास्त्र का निवडले?

बारावीचा निकाल लागला, सीईटी, नीट आणि जेईईचे गुण हातात आले की आपल्या वस्त्यांमध्ये, बुद्धविहारांमध्ये आणि समाजमंदिरांमध्ये दरवर्षी एकच प्रश्न फिरू लागतो. मोठ्या नावाच्या संस्थेत मिळेल ती शाखा घ्यायची, की हव्या त्या विषयासाठी साध्या कॉलेजात जायचे? पदवीनंतर परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींपुढे हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज कमी येतात, त्या दाराने आत शिरावे काय? शिष्यवृत्ती ज्या विषयाला मिळते तोच विषय आपला मानावा काय? सल्ला देणारे पुष्कळ असतात. कोणी पगाराचा आकडा सांगतो, कोणी शेजाऱ्याच्या मुलाचे उदाहरण देतो, क्लासवाले आपापला माल खपवतात. ज्याच्या घरात याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेली नाही, त्या मुलाने कोणाकडे पाहावे?

त्याने बाबासाहेबांकडे पाहावे, असे आम्ही म्हणतो. यात नवीन काय, सगळे तेच सांगतात, असे वाचकांना वाटेल. पण बाबासाहेबांकडे पाहायचे म्हणजे काय पाहायचे? आपण त्यांच्या पदव्या पाठ केल्या. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर, एलएल.डी., डी.लिट. ही अक्षरे कॅलेंडरवर आहेत, लग्नपत्रिकेवर आहेत, जयंतीच्या बॅनरवर आहेत. त्यातली कोणती पदवी कोणत्या विषयातली, ती कोणत्या क्रमाने घेतली आणि का घेतली, हे विचारले की आपण गप्प होतो. डी.एस्सी. म्हणजे विज्ञानातली पदवी असे समजणारे कार्यकर्ते आजही भेटतात. ती पदवी अर्थशास्त्रातली आहे. एलएल.डी. कोलंबिया विद्यापीठाने १९५२ साली आणि डी.लिट. उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली सन्मानाने दिली. बाकीच्या पदव्या त्यांनी अर्धपोटी राहून, रात्री जागून, कर्ज काढून मिळवल्या. ती यादी आपण भिंतीवर लावली; आता एकदा ती नीट वाचू या.

यादीच्या आधी एक नकार आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमरावांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही, असे तिथल्या शिक्षकाने ठरवले आणि भीमरावांना फारसी घ्यावी लागली. ही त्यांच्या आयुष्यातली विषयाची पहिली निवड, आणि ती दुसऱ्यानेच केली. पुढे त्यांनी संस्कृत ग्रंथांचा स्वतः अभ्यास केला, हिंदू धर्मशास्त्रावर लिहिले आणि त्या शास्त्राच्या ठेकेदारांना निरुत्तर केले. पण शाळेत मात्र विषय जातीने ठरवला होता. विषयाची निवड ही साधी शैक्षणिक बाब नसते, त्यात सत्ता असते, हे त्या मुलाला कोवळ्या वयातच कळले.

दुसरी गोष्ट गुणांची. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, अशी नोंद चरित्रकार धनंजय कीर यांनी केली आहे. आजच्या भाषेत सदतीस-अडतीस टक्के. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सारे कुटुंब, आणि रात्री दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवणारे सुभेदार रामजी आंबेडकर. त्या खोलीतून आलेले हे गुण होते. कमी गुण पडले म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या आपल्या मुलांनी हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र या विद्यार्थ्याच्या हाती ठेवले. पुढे वडिलांना कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी त्यांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांकडे नेले. महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रोफेसर म्यूलर यांनी पुस्तके दिली, अंगावर घालायला कपडेही दिले. १९१२ साली भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. घराचा आधार तुटला. संस्थानची नोकरी हातात होती, लग्न झालेले होते. बहुतेक तरुणांचे शिक्षण अशाच एखाद्या वळणावर संपते.

त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याच्या विचारात होते. भीमराव महाराजांना भेटले. काय शिकायचे आहे, असे महाराजांनी विचारले तेव्हा या बावीस वर्षांच्या तरुणाने समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि विशेषतः सार्वजनिक वित्तव्यवस्था हे विषय सांगितले. हे शिकून काय करणार, या प्रश्नावर आपल्या समाजाची स्थिती सुधारण्याचे मार्ग या अभ्यासातून सापडतील, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. चांगदेव खैरमोडे यांच्या चरित्रात ही हकिगत आली आहे. वाचकांनी या उत्तराकडे नीट लक्ष द्यावे. विद्यापीठाचे नाव महाराजांनी ठरवले होते, पैसा महाराजांचा होता. त्या चौकटीत तरुणाने आपला प्रश्न आधी मांडला आणि मग त्या प्रश्नाला लागणारा विषय सांगितला.

४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. संस्थानालाही अर्थखाते सांभाळणारा माणूस हवा होता. देणाऱ्याची गरज आणि घेणाऱ्याचे ध्येय यांचा जिथे मेळ बसतो, तो विषय भीमरावांनी पकडला. कायदा त्यांनी तेव्हा मागितला नाही. इंग्रजी साहित्यही मागितले नाही. शिकलेल्या हिंदी तरुणांचा ओढा त्या काळी वकिली आणि सरकारी नोकरीकडे होता. सरकारचा पैसा कुठून येतो, कोणाच्या खिशातून येतो आणि कोणावर खर्च होतो, हे शिकायला निघालेला अस्पृश्य तरुण ही तेव्हा कल्पनेच्या पलीकडची गोष्ट होती.

१९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबियाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत त्यांचे नाव दाखल झाले. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, सार्वजनिक कायदा हे सारे विषय त्या एका विद्याशाखेच्या छपराखाली होते, त्यामुळे एका विषयात मुख्य पदवी घेताना शेजारच्या वर्गात जाऊन बसता येत होते. या सोयीचा त्यांनी किती फायदा घेतला, ते विद्यापीठाच्या दप्तरात नोंदलेले आहे. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राजकारणाचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक अभ्यासक्रम घेतला. बेरीज होते ६०.

या साठ अभ्यासक्रमांची मांडणी पाहा. जवळजवळ निम्मे अर्थशास्त्राचे आहेत. तो पाया, पदवी त्याचीच मिळायची, करारही त्याचाच. सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे नामांकित अभ्यासक एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. उरलेल्या निम्म्यात ते जॉन ड्युई यांच्याकडे तत्त्वज्ञान, शॉटवेल आणि रॉबिन्सन यांच्याकडे इतिहास, गिडिंग्ज यांच्याकडे समाजशास्त्र आणि गोल्डनवायझर यांच्याकडे मानववंशशास्त्र शिकले. मानववंशशास्त्राचे अभ्यासक्रम अवघे चार, साठातले चार. पण ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची उत्पत्ती आणि वाढ यांवर निबंध वाचला आणि जातिसंस्थेच्या अभ्यासाला नवे वळण दिले. पुढच्या वर्षी तो निबंध इंडियन अँटिक्वरी या नियतकालिकात छापून आला. आज जगभर वाचला जाणारा तो निबंध मुख्य विषयातून आलेला नाही, जोडविषयातून आलेला आहे. पोट भरणारा आणि अधिकार देणारा विषय मध्यभागी, आणि काळजातला प्रश्न सोडवणारे विषय त्याच्या भोवती. जातीचा प्रश्न त्यांनी सोडून दिला नाही, आणि जातीवरच पदवी घेण्याचा हट्टही धरला नाही.

प्रबंधांचे विषय पाहिले की हीच शिस्त दिसते. १९१५ साली एम.ए. साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर लिहिले. १९१६ साली पीएच.डी. साठी भारताच्या राष्ट्रीय लाभांशावर प्रबंध सादर केला. तोच पुढे वाढवून ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेची उत्क्रांती या नावाचे पुस्तक झाले. लंडनला एम.एस्सी. साठी त्यांनी साम्राज्याच्या वित्तव्यवस्थेचे प्रांतवार विकेंद्रीकरण हा विषय घेतला. डी.एस्सी. चा विषय होता रुपयाचा प्रश्न. कंपनी, प्रांत, साम्राज्य, चलन. चार पदव्या आणि एकच धागा. प्रत्येक प्रबंध आधीच्या प्रबंधाच्या खांद्यावर उभा आहे. एका पदवीसाठी गोळा केलेली कागदपत्रे आणि आकडे पुढच्या पदवीच्या कामी आले. ज्याच्याजवळ पैसा थोडा आणि वेळ मोजका, त्याला दर दोन वर्षांनी नव्या विषयाचा श्रीगणेशा परवडत नाही. आपली मुले बी.एस्सी. करतात, मग बी.एड., मग एम.ए., मग पत्रकारितेचा डिप्लोमा, आणि तिशी ओलांडल्यावर हातात चार प्रमाणपत्रे असतात पण एकाही विषयावर पकड नसते. त्यांची हुशारी कमी नसते, आधी विचार करून दिशा दाखवणारे कोणी नसते.

एक बारकावा इथे सांगायला हवा. प्रबंध १९१६ साली सादर झाला, पण पीएच.डी. ची पदवी हातात पडली १९२७ साली. छापील प्रती सादर केल्याशिवाय कोलंबिया विद्यापीठ ती पदवी देत नसे आणि पुस्तक छापायला पैसा लागत होता. १९२५ साली लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशकाने ते छापले. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली आणि पुस्तक सयाजीराव महाराजांना अर्पण झाले. प्रवेश घेताना आपण फी विचारतो. पदवी हातात पडेपर्यंत आणखी कोणते नियम आडवे येणार, हे कोणी विचारत नाही. तेही विचारले पाहिजे.

१९१६ साली न्यूयॉर्कचा अभ्यास होताच भीमराव लंडनला गेले. अमेरिकेतली डॉक्टरेट जवळजवळ हातात असताना पुन्हा लंडनची पदवी कशाला? त्याचे कारण आम्हाला असे दिसते की हिंदुस्थानवर राज्य इंग्रजांचे होते आणि इथल्या कचेऱ्यांत, कॉलेजांत आणि कोर्टांत शब्द चालत होता लंडनच्या शिक्क्याचा. ज्यांच्याशी वाद घालायचा, त्यांच्याच विद्यापीठात, त्यांच्याच विषयात, त्यांच्याच परीक्षकांपुढे उत्तीर्ण व्हायचे. त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. ग्रेज इनची रीत अशी की ठरावीक सत्रांची जेवणे घेत हजेरी भरायची आणि परीक्षा द्यायच्या. म्हणजे एकाच शहरात, एकाच वास्तव्यात, अर्थशास्त्र आणि कायदा हे दोन्ही अभ्यास शेजारी शेजारी चालवता येत होते. राहण्याचा खर्च एकदाच होणार होता आणि पदव्या दोन मिळणार होत्या.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली संस्थानने परत बोलावले. अर्धवट अभ्यास टाकून निघावे लागले. निघताना त्यांनी एक काम केले ते फार मोलाचे ठरले. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळवली. दार बंद होत होते, त्यांनी मध्ये पाय घालून ते उघडे ठेवले. पैशाअभावी, आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे ज्यांना शिक्षण मध्येच सोडावे लागते, त्या आमच्या मुलामुलींनी हे ध्यानात घ्यावे. न सांगता कॉलेज सोडू नका. अर्ज द्या, मुदत मागा, कागद हातात ठेवा.

बडोद्यात काय झाले ते आपण सारे जाणतो. अमेरिकेत शिकलेल्या या माणसाला राहायला खोली मिळेना. पारशी सराईतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. कचेरीतले शिपाई फायली दुरून फेकत. महाराजांनी त्यांना पुढे अर्थमंत्री करण्याचे मनात धरले होते, पण राजाची इच्छा शिपायाच्या विटाळापुढे हरली. पदवी कितीही मोठी असली तरी नोकरी दुसऱ्याच्या घरची असते, हा धडा त्यांनी बडोद्यात घेतला. बॅरिस्टरी का हवी होती, याचे उत्तर आम्हाला इथे सापडते. वकिलाला मालक नसतो. त्याला कोणी खोलीतून हाकलले तरी त्याची सनद हिरावता येत नाही. ज्याला आयुष्यभर समाजासाठी भांडायचे आहे त्याच्या पोटाची दोरी दुसऱ्याच्या हातात असून चालत नाही. अर्थशास्त्राने त्यांना अधिकार दिला, कायद्याने स्वातंत्र्य दिले.

१९१८ च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपत नव्हता. त्यांनी काटकसर करून पैसा साठवला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक सुरू केले, त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. चळवळ उभी राहत होती, नेता हवा होता. अशा वेळी सगळे सोडून पुन्हा विद्यार्थी व्हायचे? होय. १९२० च्या जुलैत ते स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये घेऊन लंडनला गेले. मुदत संपायला वर्षभर उरले होते.

त्या दोन-तीन वर्षांचे मोल कोणी चुकवले? लंडनमध्ये बाबासाहेबांनी अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढले. मुंबईत माता रमाईंनी तुटपुंज्या पैशात संसार ओढला. त्यांची चार अपत्ये लहानपणीच गेली. पदव्यांच्या यादीवर रमाईंचे नाव नाही, पण त्यांच्या उपासाशिवाय ती यादी पूर्ण होत नाही. आज ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा दूर शिकायला जातो, त्या घरातही कोणी तरी असेच मागे राहून शिक्षणाची किंमत भरत असते. म्हणून विषय निवडताना हलगर्जीपणा करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

१९२१ साली एम.एस्सी. झाली. १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डी.एस्सी. चा प्रबंध सादर केला. जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते. कोलंबियात घेतलेले जर्मनचे प्राथमिक धडे इथे कामी आले. तिथला अभ्यास मात्र पुरा झाला नाही, आणि न झालेली पदवी त्यांनी कधी नावापुढे लावली नाही. डी.एस्सी. च्या प्रबंधात ब्रिटिश राजवटीच्या चलनविषयक धोरणावर जी टीका होती ती परीक्षकांना रुचली नाही. मांडणी बदलून पुन्हा द्या, असे त्यांना सांगण्यात आले. पैसे संपले होते. १९२३ च्या एप्रिलात ते मुंबईला परतले, इथून प्रबंध पुन्हा लिहून पाठवला आणि निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. वर्षअखेरीस पदवी मिळाली आणि पुस्तकही निघाले. कॅनन यांचे त्यांच्याशी काही मुद्द्यांवर मतभेद होते, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली.

१९१३ ते १९२३. बावीसाव्या वर्षी निघालेला तरुण बत्तिसाव्या वर्षी परतला. या दहा वर्षांतला एकही विषय पुढे वाया गेला नाही. १९२५ साली चलनविषयक रॉयल कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली ती रुपयाच्या प्रश्नाचे जाणकार म्हणून. १९२६ साली पुण्यात देशाचे दुश्मन या पुस्तकाच्या खटल्यात जेधे-जवळकरांची बाजू मांडून त्यांना सोडवले ते बॅरिस्टर म्हणून. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली रस्त्यावर झाला, पण तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात जिंकावा लागला. त्याच वर्षी खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात आणले, तेव्हा शेतीचे अर्थशास्त्र आणि कायद्याचा मसुदा एकाच डोक्यातून आला. केंद्र आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटपावर ज्याने दोन प्रबंध लिहिले, तोच माणूस १९४७ साली घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला आणि त्या घटनेत वित्त आयोगाची तरतूद आली. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच स्थापन केली, असे आपले काही वक्ते जोशात सांगतात. बाबासाहेबांचे खरे कामच इतके मोठे आहे की त्याला ठिगळ जोडायची गरज नाही.

मग आजच्या मुलाने काय करावे? बाबासाहेबांनी अर्थशास्त्र घेतले म्हणून सर्वांनी अर्थशास्त्र घ्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. असा अर्थ बाबासाहेबांनी स्वतःच काढू दिला नाही. १९४२ च्या ऑक्टोबरात, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत असताना, त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला दिले. कला आणि कायदा या शाखांचे शिक्षण आपल्या समाजाला फारसे तारणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानातले उच्च शिक्षण हवे, पण ते महाग असल्याने आपली मुले नाइलाजाने कला आणि कायद्याकडे जातात, असे त्यांनी त्यात मांडले आणि या शिक्षणासाठी, तसेच परदेशी शिक्षणासाठी, सरकारने पैसा द्यावा अशी मागणी केली. ज्याने स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा घेतला, तो पुढच्या पिढीला दुसरा विषय सांगतो. १९१३ साली समाजाला लागत होते ते वेगळे आणि १९४२ साली लागत होते ते वेगळे, हे ओळखण्याइतके त्यांचे डोके मोकळे होते. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. पुढे त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे केले.

म्हणून विषय नक्की करण्याआधी आपल्या मुलामुलींनी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. मला कोणता प्रश्न सोडवायचा आहे? त्यासाठी कोणत्या विषयाचा अधिकार लागतो? शिष्यवृत्तीचे नियम आणि माझे ध्येय कुठे जुळतात? मुख्य विषयाभोवती कोणते विषय घेता येतील? आजची पदवी उद्याच्या पदवीला उपयोगी पडेल काय? आणि ही पदवी मला कोणाच्या दारात उभी करेल, की स्वतःच्या पायावर उभी करेल? फक्त कमी गर्दीचे दार शोधून आत शिरलेला मुलगा आत गेल्यावर भांबावतो. प्रश्न सोबत घेऊन गेलेला मुलगा लहान दारातूनही मोठ्या घरात शिरतो.

हे सारे मुलांवर ढकलून समाजाला मोकळे होता येणार नाही. २०२२ साली केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषय वगळले. विचार करा, तो नियम १९१६ साली असता तर भारतातील जातींवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला एक पैसाही मिळाला नसता. एका शिक्षकाने संस्कृतचे दार बंद केले होते. मंत्रालयाने जातीच्या अभ्यासाचे दार लोटले. अशा नियमाला विरोध केलाच पाहिजे. पण विरोध चालू असताना वर्ष वाया घालवायचे नाही, हेही बाबासाहेबांकडूनच शिकायचे. त्यांनी करारातला विषय चोख पुरा केला, आणि शेजारच्या वर्गात बसून जातीचा निबंध लिहिला.

प्रत्येक विहारात पंचशीलाच्या शेजारी एक फळा असावा. त्यावर शिष्यवृत्त्यांच्या तारखा, अर्जाचे नियम आणि विषयांची माहिती लिहिलेली असावी. आपल्यातला जो प्राध्यापक, इंजिनिअर, डॉक्टर किंवा वकील झाला आहे त्याने महिन्यातून एक रविवार तिथे द्यावा. भीमरावांना एक केळुसकर गुरुजी भेटले म्हणून पुढचे सारे घडले. आपल्या वस्तीतल्या मुलीने केळुसकर गुरुजी शोधत कुठे जायचे? ते आपल्यालाच व्हावे लागेल.

जय भीम!